वर म्हणजे नेमकं कुठे

तेवीस वर्षं मला इंग्रजीचे दोनच शब्द पुरले.
अप. डाऊन.
बाणेरपासून मगरपट्ट्यापर्यंत
कुठल्याही शाफ्टमध्ये त्यांचा अर्थ बदलत नव्हता,
आणि वायररोप दोघांनाही सारखंच तोलून धरायचा.

मग कंपनी विकली गेली, नवे साहेब आले,
तक्रारी मेलवर येऊ लागल्या.
पहिलीच मेल: लिफ्ट ब्रेक डाऊन झालीय, प्लीज लुक इनटू इट.
गेलो. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये लटकलेली.
डाऊन तर ती मुळीच आली नव्हती.
पिटमध्ये उतरून, बॅटरी मारून नीट पाहिलं
आणि उत्तर धाडलं:
सर, आय लुक्ड इनटू इट. व्हेरी डार्क.

ऑफिस आठवडाभर हसत होतं.

म्हणून कॅम्पात, बेकरीच्या माडीवर,
डिमेलो मॅडमचा क्लास. मंगळवार, शुक्रवार, साडेसात ते नऊ.
खालून मावा केकचा वास, डोक्यावर कुरकुरता पंखा,
बाकावर दुबईला निघालेली नर्स, रेणुका झगडे,
आणि शकील बागवान, ज्याला मुलाखतीपुरतंच हवं होतं.

मॅडम फळ्यावर गिव्ह लिहायच्या,
पुढचा छोटा शब्द पुसायच्या, दुसरा लावायच्या.
गिव्ह बॅक, परत दे. गिव्ह इन, नमतं घे.
गिव्ह अप, सोडून दे.
मी हात वर केला. मॅडम, अप म्हणजे वर ना?
सोडलेली वस्तू खाली पडते.
आमच्या धंद्यात तर फारच खाली.
"शेंडे," त्या म्हणाल्या, "इथे बटणं नाहीत.
छोटा शब्द क्रियापदाच्या घरी नांदायला आला
की त्याला माहेरचा पत्ता विचारायचा नाही."

इट अप म्हणजे खाऊन टाक. शट अप म्हणजे गप्प बस.
शकील म्हणाला, बस कशाला?
उभ्या माणसाला गप्प होता येत नाही?

मॅडमनी खडू ठेवला.
"बघा. तुम्ही तरी कुठे सरळ बोलता?
खाऊन टाक म्हणता, त्यात टाकायचं काय असतं?"

रात्री बसमध्ये मी तेच घोळवत आलो.
बोलून टाकलं: छातीवरचं ओझं उतरलं.
बोलून गेलो: जिभेवरून निसटलं.
बोलून दाखवलं: मनातलं समोर मांडलं.
बोलून बसलो.

इथे स्टॉप चुकला.

बळीराम अकरा वर्षं माझा हेल्पर.
मी वर मशीनरूममध्ये, तो खाली पिटात,
मधल्या अंधारातून त्याची हाक यायची,
"सोडू का?"
जूनमध्ये एका चेअरमनसमोर
चूक माझी होती, आणि मी त्याला म्हणालो,
उद्यापासून येऊ नकोस.

शुक्रवारी मॅडमना विचारलं, बोलून बसलो, याला इंग्रजीत काय?
ब्लर्ट आऊट, म्हणाल्या.
मग स्वतःच मान हलवली. "आऊट आलं खरं.
बसणं राहिलं."
फळ्यावर पुढचं होतं मेक अप.
रेणुका म्हणाली, लिपस्टिक.
तेही, मॅडम म्हणाल्या, आणि भांडणानंतर
पुन्हा बोलायला लागणं, तेही.

रविवारी ताडीवाला रोड. बळीराम सहाव्या मजल्यावर.
लिफ्टच्या दाराला सुतळी, सुतळीला पुठ्ठा: बंद आहे.
चढून गेलो. तिसऱ्यावर दम लागला,
पाठ करून आणलेलं वाक्य पाचव्यावर विसरून गेलो.

दार त्यानेच उघडलं.
वरण फोडणीला पडल्याचा आवाज आला, विरून गेला.
मग तो म्हणाला, "खालची लिफ्ट बघितली?"
"बघितली. आत नाही बघितलं."

तो वळून घरात गेला.
मला वाटलं, पाणी आणतोय.
आला तेव्हा हातात बॅटरी होती.