सात हाली, सहा कलदार

सात हाली म्हणजे सहा कलदार.
हा हिशोब मला शाळेनं नाही, बाबांनी शिकवला,
हाली नाणं चलनातून गेल्यावर कितीतरी वर्षांनी,
परांड्याला, किल्ल्याच्या खंदकाकाठी,
चिंचोके मांडून.
याचा उपयोग काय, मी विचारलं.
म्हणाले, असू दे. फरक ठाऊक असावा.

नरहर धोंडोपंत चौसाळकर, बी.एस्सी., उस्मानिया.
गुरुत्वाकर्षणाला शेवटपर्यंत कशिश-ए-सक़्ल म्हणायचे.
झोपेत बरळले तर आई कान देऊन ऐकायची
आज कोणत्या भाषेत.

अठ्ठेचाळीस साली ते करोडगिरीच्या नाक्यावर कारकून.
नाक्याच्या अलीकडे निजाम, पलीकडे बार्शी,
मध्ये एक बाभूळ,
तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं.
दिवसा उर्दूत लिहायचे, तालुक्याला:
पलीकडच्या छावणीत माणसं किती, बंदुका किती.
रात्री मोडीत लिहायचे, बार्शीला:
अलीकडच्या ठाण्यात माणसं किती, बंदुका किती.
इकडून महिन्याला चौदा हाली.
तिकडून बारा कलदार.
म्हणजे सारखेच.
चिंचोके मांडताना
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि मोहतशिम.
वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत,
मग त्याच नाक्यावर, त्याच कामाला, त्याच दोन पगारांवर.
दोघांना एकमेकांचं सगळं माहीत.
एका कंदिलाखाली बसून, एकाच दौतीत टाक बुडवून
एकमेकांविरुद्ध लिहायचे.
माझ्याबद्दल काय लिहिलंस?
लिहिलंय, इसम निरुपद्रवी, अक्षर गचाळ.
हे सांगताना बाबा इतके हसत
की पुढचं सांगायचं राहूनच जाई.

पुढचं मला आईकडून मिळालं, तुकड्यातुकड्यानं.
भादव्यातली रात्र.
'ओढ्याच्या मोरीपाशी तीन कंदील' एवढं एक वाक्य
उर्दूत गेलं आणि मोडीतही गेलं.
वाक्य खरं होतं. बाबांचं प्रत्येक वाक्य खरं असायचं,
त्यावरच तर दोन्हीकडे भरवसा.
मधला कंदील मोहतशिमच्या हातात होता.
तो तिथं का गेला होता, कुणासाठी,
ते बाबांना ठाऊक नव्हतं. असं ते म्हणत.
गोळी कोणत्या काठावरून आली, तेही.
पहिल्या तारखेला एकीकडचा पगार आला.
दुसरीकडचं राज्यच संपलं होतं.

आमच्या घरात तीन दिवे एका वेळी लागत नसत.
देवघरातला लागला की ओटीवरचा मालवायचा.
आई म्हणे, तेल महाग आहे.
वीज आली, तरी तेल महागच राहिलं.

पंचाहत्तर साली पेन्शनचा अर्ज आणला मी.
रकाना अकरा: कोणत्या बाजूने कार्य केले?
ट्रंकेच्या तळाशी पावत्या होत्या, दोन्हीकडच्या,
एकाच सुतळीत बांधलेल्या.
बार्शीची एक जोडली असती तर काम झालं असतं.
गावात असे कितीतरी झाले होते,
सत्कार, नारळ, एसटीचा मोफत पास.
मी पावती सोडवू लागले.
बाबा म्हणाले, ती गाठ त्यानं मारलीय.
राहू दे. आणि रकान्यात पेन्सिलनं लिही.
लिहिलं मी.
ते चष्मा लावून बघत बसले,
मग म्हणाले, खोड.

अर्ज अजून माझ्याकडे आहे.
कागद खिडकीशी तिरका धरला
की खोडलेलं थोडं थोडं दिसतं,
एक शब्द आहे, चार अक्षरी.
तो सांगायला हरकत नव्हती खरं तर,
पण तुम्ही कुठून आलात,
आणि हे परत कुठे कळवणार,
मला माहीत नाही.