बरा आहे

रुवैसला ऑगस्टात हवा अंगावर बसते
ओल्या गोणपाटासारखी.
घाम येतो, उडत मात्र नाही.
कातडी आपलं काम करते,
हवा तिचं करत नाही.

दुपारच्या सुट्टीला वीस मिनिटं उरली असताना
मचाणावरून उतरवून आणला
शमशुद्दीन खल्फे, वेल्डर, मुक्काम हर्णै.
अंग तव्यासारखं
आणि कोरडं.
ते कोरडं मला आवडलं नाही.

बर्फ काखेत, बर्फ जांघेत,
ओली चादर, दोन पंखे, सलाईन.
तो बडबडत होता, होडी ओढा, होडी ओढा.

डोक्यात आत, काजूच्या बीएवढ्या जागेत
कुणी एक बसलेलं असतं, सदतीसचा हट्ट धरून.
पारा चढला की रक्ताला म्हणतं, कातडीकडे जा.
पाणी आटलं की मूत्रपिंडांना निरोप धाडतं,
थेंबही सांडू नका.
आणि तिकडून उत्तर येतं.
उत्तर आलं की हुकूम बदलतो.
अख्खा जन्म हेच चालतं,
आपण झोपेत कूस बदलतो तेव्हाही.

कॅम्पच्या संडासाच्या दारावर रंगांचा तक्ता आहे,
फिकट लिंबापासून कोऱ्या चहापर्यंत.
शुद्धीवर आल्यावर विचारलं, सकाळी कुठला होता?
"तक्त्यात नव्हता, सिस्टर. कोकम."
आणि हसला.
तरी वर चढलास?
तेव्हा हसला नाही.

चारला त्याचा फोन वाजला. झुलेखाचा आवाज:
जेवलात का? आवाज का असा बसलाय कालपासून?
सलाईनच्या हातानेच बटण दाबून तो म्हणाला,
"एकदम बरा. इथं तर एसी आहे."
एसी होता, खरंच.

मी चादर पुन्हा भिजवली.
कुठल्या मूत्रपिंडानं आजवर डोक्याला कळवलंय,
एकदम बरं, काळजी नको?
कळवलं असतं तर माणूस
एक उन्हाळाही काढता ना.
(मागच्या शुक्रवारी आईला मी काय सांगितलं
ते इथं लिहीत नाही.)

तक्त्यावर लिहिते तेवढं खरं:
सहा वाजता, अडतीस पूर्णांक एक.
खाटेखाली बाटली ठेवलीय, अजून रिकामी.
मूत्रपिंडांना विचारून झालंय.
बाहेर दुसऱ्या पाळीची बस लागली,
काचांवरून पाणी ओघळतंय,
आणि आम्ही दोघं
उत्तराची वाट बघतोय.