उसवण

सोमवारी मी शटर वर करायच्या आधीच
पायरीवर सातजण बसले होते,
मांडीवर निळ्या जर्सीची घडी.
मला वाटलं, कुणी गेलं.
गेलाच होता. पुलापलीकडे.

सूरच्या खाडीवर एक झुलता पूल आहे,
चालत सात मिनिटं, वारा समोरून असेल तर नऊ.
अलीकडे आमचा अल-शिरा, पलीकडे त्यांचा अल-फनार.
मुसब्बह तेवढंच अंतर गेला
चार वर्षांच्या करारावर.

मला फुटबॉलातलं फार कळत नाही.
मी परकार, मूळ दाभोळचा, एकतीस वर्षं दिशदाशा शिवतो.
पण तो डाव्या कडेनं निघाला की
खांदा किंचित खाली जायचा,
होडी वळताना पाण्याला गाल लावते तसा,
आणि समोरचा बचाववाला
दार उघडं राहिलेल्या घरासारखा दिसायचा.
ह्या गावातल्या दोनशे पाठींवर त्याचं नाव मी भरलंय,
पांढऱ्या दोऱ्यानं, अरबीत,
उजवीकडून डावीकडे.

सुवैलिम मच्छीवाला म्हणाला, नाव काढ,
अकरा राहू दे, अकरा क्लबाचा आहे.
मास्तर म्हणाले, अकराही काढ.
तिसरा म्हणाला, दोहाला गेला असता
तर हलवा वाटला असता मी.
पण तिथं?
जिथले ढोल आमच्या झोपेत ऐकू येतात?
चौथ्यानं नुसती जर्सी टेबलावर टाकली
आणि बाहेर जाऊन करक प्यायला,
पाठ माझ्याकडे करून, बराच वेळ.

सात महिने पगार नव्हता त्याला.
सगळ्यांना ठाऊक. कुणी बोललं नाही.
मीही नाही, मला एका नावामागे अर्धा रियाल मिळत होता.
विकला तर क्लबानंच.
पण विकणाऱ्याला शिव्या कोण घालतं,
गाय दारातून जाताना
आपण गायीलाच म्हणतो, निघालीस?

मीही एकदा असाच गेलोय.
अरबाबानं दुकान पुतण्याला दिलं :
दोन मशीनं, इस्त्री, उभा आरसा, आणि मी.
व्हिसावर नवं नाव चढलं.
कुणी काही जाळलं नाही.
तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं विचारत,
माझ्या विजारीचं काय झालं?

चार रात्री मी ब्लेडनं उसवत बसलो.
पांढरा दोरा पायांशी साचला,
शेवयांसारखा.
माझाच टाका, मीच घट्ट घातलेला,
निघता निघेना.
आणि निघाला तेव्हा कळलं :
जर्सी तीन वर्षं उन्हात विटलेली,
पण दोऱ्याखालचं निळं
पहिल्या दिवशीचं.
मी कुणाला सांगितलं नाही.
घडी घालताना नाव आत दुमडलं.

गुरुवारी तो हिरव्यात आला.
ठरल्याप्रमाणे सगळा स्टँड उठला
आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहिला.
दोनशे माणसं, भिंतीकडे तोंड,
शिक्षा झालेल्या वर्गासारखी.
पण कानांना पाठ नसते.
चेंडू त्याच्याकडे गेला ते त्यांना आवाजावरून कळलं,
सुवैलिमचा डावा पाय आपोआप उचलला गेला,
मास्तरांच्या तोंडून अर्धं "या...लला" निसटलं
आणि खोकल्यात गेलं.

मी कुंपणापाशी उभा होतो,
दिवे नुकतेच लागले होते.
विटक्या निळ्यावर गडद निळं,
ओळीवर ओळ, दोनशे वेळा
त्याचंच नाव,
माझ्या हातचं.

त्यानं वाचलं की नाही, माहीत नाही.
तो पळत होता,
उजवीकडून डावीकडे.