बर काढलेला गळ

दिवसभर उद्यमनगरात मी बर काढतो.
साच्यातून आलेल्या लोखंडाच्या कडेला
एक धारदार मिशी राहिलेली असते.
ती कानशीनं उतरवायची,
अंगठा फिरवून बघायचा:
लागतं का? नाही लागत. पुढचा नग.

सुट्टीच्या पहाटे भोगावतीच्या काठावर
तेच काम. फक्त नग बारका.
नाकाडी पक्कड, नवा गळ,
टोकाच्या जरा खाली तो उलटा काटा,
तांदळाच्या कणीएवढा.
दाबला की कट्ट.
मग रुमालातून ओढून बघतो.
सूत अडकलं तर अजून एकदा.

पलीकडं लगमाण्णा भोई जाळं झाडत असतो.
त्याच्या तीन पिढ्या ह्या पाण्यावर जेवल्या.
तो बघतो, तंबाखू मळतो, आणि दर वेळी तेच:
"सोडायचाच हाय तर धरतोस कशाला रं?
माशाची चेष्टा करतोस व्हय?"

मी दर वेळी वेगळं उत्तर देतो.
एकही त्याला पटलेलं नाही.
खरं सांगायचं तर मलाही.

म्हणून डावा अंगठा दाखवतो.
सात वर्षांपूर्वी, रंकाळ्यावर,
वाऱ्यानं उलटा आलेला गळ इथं बसला, मुळापर्यंत.
ओढला की कातडी तंबूसारखी वर यायची,
गळ काही येईना.
सीपीआरमधली डॉक्टर पोरगी म्हणाली,
"काका, हा आल्या वाटेनं जात नाही.
पुढं ढकलून दुसरीकडनं काढावा लागेल."
आणि ढकलला.
त्या रात्री ठणक्यात, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा,
माशाच्या जबड्याचा विचार आला.
त्यासाठी स्वतःचा अंगठा लागला.

बिनकाट्याच्या गळाची एक गोची आहे.
दोरी जरा ढिली पडली की मासा गेला.
शिंकलात, गेला.
विडी पेटवलीत, गेला.
मनात घरचं काही आलं,
गाडीचा हप्ता, पोरीचा न उचललेला फोन,
फोरमनचा परवाचा शब्द,
गेला.
काटा होता तेव्हा मी इकडंतिकडं बघत बसायचो,
राखण काटा करायचा.
आता सगळी राखण ह्या दोन बोटांत.

आज एक खडस लागला.
दीड हात. पाठीवर जुन्या पितळेचा रंग, खवला खवला मोजावा असा.
त्यानं मला काठानं चालवत नेला,
उसाच्या बांधापर्यंत, पंपाच्या पाइपापर्यंत, परत,
एक चप्पल चिखलात राहिली ती अजून तिथंच आहे.
मग तो दमला. मीही.

गुडघाभर पाण्यात उतरलो. हात आधी ओले केले,
कोरड्या हाताला त्याच्या अंगावरची बुळबुळ निघून येते
आणि तेवढंच तर त्याच्या अंगावर कापड.
पाण्याबाहेर उचललाच नाही.
पक्कडही लागली नाही.
दोन बोटांनी गळ जरा फिरवला,
आणि तो आल्या वाटेनं निघाला.

तोंड धारेकडं करून धरला.
धरला म्हणजे, टेकू दिला.
कल्ले उघडले, मिटले, उघडले.
मग शेपटाचा एक फटका, माझ्या तोंडावर पाणी.

"किती असंल?" लगमाण्णा.
"चारेक किलो."
त्यानं मनात हिशेब केला, ओठ हलले.
"सोळाशे रुपयं सोडलंस गड्या."

मग पहिल्यांदाच पाणी ओलांडून माझ्याकडं आला.
गळ मागितला. अंगठा फिरवला त्यावर,
अगदी आमच्या खात्यातल्या माणसासारखा.
"नातवाला दावतो," म्हणत टोपीत खोवला.
दोन पावलं गेला, काय वाटलं कुणास ठाऊक,
पुन्हा काढला.
टोपीचा एक धागाही ओढला गेला नाही.
ते मात्र त्यानं बघितलं.

"आरं," म्हणाला. एवढंच.
आणि जाळं उचलायला गेला.
सगळ्या तिलापीच होत्या आज.