अडीचशे शब्द

सारांश अडीचशे शब्दांतच बसवायचा.
औलूत रात्रीचे अकरा, खाली बर्फाचा नांगर फिरतोय.
'एकाकीपणा' नऊ वेळा आलाय,
तीन काढले, तरी चार शब्द जास्तच.

दुपारी पोस्टरची कच्ची प्रत नेली होती
आउनेबाईंकडे, वय एक्क्याण्णव.
भिंग धरून त्यांनी आलेखावरचे ठिपके मोजले,
तांदळातले खडे वेचावेत तसे.
"त्रेचाळीस? बेचाळीस.
एइनो गेला फेब्रुवारीत."
म्हटलं, मुलाखती आधीच्या आहेत,
त्यांची उत्तरं धरलीत.
"म्हणजे त्याला अजून एकटं वाटतंय?"

'अभ्यासपद्धती'च्या चौकटीत
याला जागा नव्हती.
वेलदोड्याचा पाव खाल्ला, कॉफी दोनदा.

निघताना म्हणाल्या, अक्षर मोठं कर,
आणि लाव जरा खाली,
चाकाच्या खुर्चीतून वाचता येईल असं.
परिषदेला खुर्चीतून कोण येणार,
हे मी बोलले नाही.

बाराला आठ मिनिटं.
'असे दिसून येते की',
बरोब्बर चार शब्द. खोडले.
काय दिसून आलं होतं तसंही.

त्रेचाळीस तसेच ठेवले.
पाठवलं.
नांगर परत आला कोपऱ्यावरून,
मघाचा रस्ता पुन्हा पांढरा.