दीर्घ

खात्याचा फॉर्म आलाय. मुलं अकरा, रकाने तीन:
बोलणे, वाचणे, लिहिणे.
प्रत्येकात एक अक्षर टाकायचं, अ, ब किंवा क,
आणि शुक्रवारच्या बसने वाळपईला पाठवायचं.

दहा जणांचं झालं.
सुलक्षा गांवस बोलायला लागली
की कौलांवरचे वानरसुद्धा थांबून ऐकतात.
यल्लव्वाने मे महिन्यात, काजूच्या बागेत राखणीला बसून,
कॅलेंडरच्या पाठीवरच्या जाहिराती वाचून काढल्या,
खोबरेल तेलापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत.
'शाखा: फोंडा, म्हापसा' एवढं ती अजून झोपेतही म्हणते.

अकरावा बिरो वरक.

जूनपासून दिवाळीपर्यंत एक शब्द नाही.
हजेरीला हात वर. तहान लागली की कळशीकडे बोट.
मी चित्रं दाखवली. माजर म्हण, मांजर म्हण,
उदक म्हण नाहीतर पाणी,
घरचं आण रे, इथे शब्दांना
चपला बाहेर काढाव्या लागत नाहीत.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा,
पलीकडच्या काठावरून होडी सुटायची वाट बघावी तसा.

मग एका दुपारी,
पाव आणि वाटाण्याची भाजी खाऊन सगळे पेंगत असताना,
समोरच्या डोंगरावरून त्याची म्हैस उतरताना दिसली,
एकटीच, कुणाच्या तरी वायंगणाकडे.
बिरो उठला. खिडकीचे गज धरले.

मोगूऊऊऊऊ

दहा मुलांच्या डोक्यावरून, माझ्या डोक्यावरून,
तो आवाज दरी ओलांडून गेला
आणि म्हैस वळली.

वर्ग गप्प. सुलक्षासुद्धा.
'लिही,' मी म्हटलं, आणि खडू दिला.
मो आम्ही दोघांनी मिळून काढला.
ग त्याला येत होता, कधी शिकला देव जाणे.
मग उकारापाशी हात थांबला.
मी दोन्ही काढून दाखवले, एक आखूड, एक लांब,
वीस वर्षं नुसते पाठ करून घेतलेले,
हातात छडी नव्हती, पण चाल छडीचीच.

'म्हस पयस आसल्यार खंयचो, बाई?'

पयस म्हणजे दूर.
त्याचं शाळेतलं पहिलं वाक्य हे.
मला उत्तर द्यायला वेळ लागला.

त्याने लांबवाला घेतला. शेपटी ओढली, ओढत नेली,
फळा संपला तशी फळ्याच्या चौकटीवर,
चौकट संपली तशी चुन्याच्या भिंतीवर,
थेट खिडकीपर्यंत.

त्यानंतर कुणी ऐकेना.
यल्लव्वाने बागलकोटला राहिलेल्या बहिणीला हाक लिहिली,
अक्का,
आणि काना लांब करता येत नाही म्हणून रडवेली झाली.
तिला मी अवग्रह दिला. एक नाही, नऊ.
सुलक्षा म्हणाली, मी ऱ्हस्वच काढणार,
माझी सगळी माणसं घरातच आहेत.
शब्दाच्या शेवटी दीर्घच गं, सुलक्षा,
जवळ असली तरी.
हे बोलले आणि
खडू उगाच या हातातून त्या हातात घेत राहिले.

भिंत पुसलेली नाही.
तपासणीला साहेब आले, चष्मा वर करून म्हणाले, हे काय?
मी म्हटलं, शुद्धलेखन.
बिरोने पुढे होऊन त्यांना ते वाचून दाखवलं, पूर्ण,
खिडकीपर्यंत चालत जाऊन.
साहेबांना बाहेर काहीतरी शोधावंसं वाटलं.
म्हैस नव्हती त्या दिवशी.

आज शुक्रवार. अकराव्या ओळीत तीन चौकोन कोरे आहेत,
त्यांत जेमतेम एकेक अक्षर मावेल.
पेन टेकवते, उचलते.
वळणावर बस येऊन थांबलीय,
ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.
तोसुद्धा दीर्घ.