ओदील

आप्पा मागावरून उठून प्रोजेक्टरवर गेले
तेव्हा वडगावात लोक म्हणाले, सत्याप्पानं धंदा बाटवला.
आप्पा म्हणायचे, फरक काय?
तिथं धागा तुटतो, इथं फिल्म,
जोडणाऱ्याचा हात दिसू नये म्हणजे झालं.

महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी नऊला,
कॅम्पातल्या टॉकीजमध्ये सोसायटीचा खेळ.
पुण्याहून रेल्वेनं पत्र्याचे डबे यायचे
आणि त्यातून उतरायची ओदील वेर्नुआ.
आप्पांना ते नाव जमेना.
ते सरळ 'वडील' म्हणायचे.
'आज वडील आलेत,' सांगून सायकल काढली
की आई कपाळाला हात लावायची.

डबे उलटे आले.
अडुसष्टला आली ती पांढरा टोप घालून,
चाळिशीतच कुणाची तरी आई. दोन वाक्यं, बाकी खोकला.
सत्तरला घटस्फोट घेणारी,
हातमोजे न काढता रडणारी.
त्र्याहत्तरला नायिका. होडीत उभी, वारा, मागं कुणी नाही.
आणि आणीबाणीत, सगळ्यात शेवटी,
सत्तेचाळीस सालचा तिचा पहिला सिनेमा:
पावाच्या दुकानासमोर रांगेत तिसरी मुलगी,
अकरा सेकंद.
कॅमेऱ्याकडं बघू नको म्हणून सांगितलं असणार.
बघते.

तिकडं तिला कुणी काम देईना.
इकडं ती तरुण होत चालली होती.

बाहेर पाट्यांवर डांबर,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
आत तिची भाषा कुणाचीच नव्हती,
म्हणून सगळे शेजारी शेजारी बसून ऐकायचे.
एकदा आप्पांनी चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लावलं.
ती मेली,
मग जिन्यावरून हसत खाली आली.
कुणी ओरडलं नाही.
रेबेलो मास्तरांनी तेवढा छातीवर क्रूस केला.

ती गेल्याची बातमी मला सांबऱ्याच्या बसमध्ये मिळाली,
शेंगांच्या पुडीवर, चार ओळी.
समुद्रकाठचं कुठलं तरी गाव, वय त्रेसष्ट,
पहिल्या सिनेमाचा उल्लेख नाही.
आप्पांनी चष्मा पुसून वाचली.
'तिथं मेली असेल,' म्हणाले
आणि ताट ओढून घेतलं.

कुंद्याच्या रिकाम्या डब्यात
चार चौकटी सापडल्या, टपालाच्या तिकिटाएवढ्या.
प्रत्येक प्रिंटमधून एक कापलेली.
जोड दिसू दिला नव्हता.
म्हणजे कुठल्याशा तळघरात ते रीळ अजून फिरत असेल
तर तिची पापणी मिटते नि उघडते
त्याच्या मध्ये काहीतरी कमी पडत असणार,
सेकंदाचा चोविसावा भाग.
तो आमच्याकडं आहे.
खिडकीला धरला तर दिसतो,
उन्हाळ्यात जरा जास्त.